दहावा कमी पडला की काकांना फोन जातो, मावशींना कोण करणार? आपल्या सिनेगॉगच्या सगळ्या ट्रस्टींना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल आणि रायगडातल्या आपल्या सगळ्या सिनेगॉगचे मुकादम, ट्रस्टी आणि कमिटी मेंबर,

शालोम आणि नमस्कार मंडळी,

हे पत्र मी मुद्दाम उघड लिहितेय. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी किंवा ज्यू, आणि सिनेगॉग म्हणजे आमचं प्रार्थनेचं ठिकाण.) मीटिंगमध्ये हा विषय काढायचा म्हटलं की आधी रंगकाम, छपराची गळती, सिक्युरिटी, कब्रस्तानची भिंत, जमिनीच्या केसेस, हे सगळं होतं आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत आमचा नंबर लागतो, तेव्हा खुर्च्या सरकायला लागलेल्या असतात. तुमच्यावर राग नाही, ती कामंही कुणीतरी करायलाच पाहिजेत आणि तुम्ही पदरचा वेळ घालून करता हे मला माहीत आहे. पण हा विषय पाच मिनिटांचा नाहीये. आणि आपल्या शेजारपाजारच्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं, कारण खरं सांगायचं तर आपल्या म्हाताऱ्या माणसांना आज तेच जास्त बघतायत.

मी ठाण्यातली. साठीच्या आसपासची. भावंडं सगळी इस्राएलला, मी आणि माझे मिस्टर इथेच राहिलो. नोकरीतून रिटायर झाल्यावर मी आपल्यातल्या एकट्या राहणाऱ्या लोकांकडे जाऊन बसायला लागले, ठाणे, कळवा, कुर्ला, भायखळा, कधी अलिबागपर्यंत, कुठल्या संस्थेतर्फे वगैरे नाही, अशीच. त्यातून जे दिसलं ते लिहितेय.

म्हणणं आधीच सांगून टाकते. आपण आपल्या म्हाताऱ्यांना, आणि त्यातल्या बायकांना जास्तच, मदतीच्या यादीत घातलंय आणि कामाच्या यादीतून काढून टाकलंय. गरजूंना रेशन मिळतं, औषधाला मदत मिळते, जेडीसी या यहुदी मदत संस्थेचे लोक इतकी वर्षं इथे हे काम करतायत त्यांचे मनापासून आभार. पण ज्या माणसाची कुणालाही गरज पडत नाही त्याचं नुसत्या रेशनने काय होणार, डबे भरलेले राहतात आणि माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो कारण एकट्यासाठी कुकर लावावासाच वाटत नाही. हे मी एका घरात नाही, घरोघरी बघितलंय.

आता मिन्यानचंच घ्या. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सार्वजनिक तेफिल्लाला, म्हणजे प्रार्थनेला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दहा झाले नाहीत तर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, बाहेर काढून वाचता येत नाही, मेलेल्या माणसासाठीची कद्दिश ही प्रार्थना म्हणता येत नाही.) आणि आता आपली वस्ती इतकी पातळ झालीय की सोमवारी-गुरुवारी किंवा कुणाची वर्षाची कद्दिश असली की सकाळी फोनाफोनी करावी लागते, काका आठच झालेत, या ना जरा. कळव्याला एक काका आहेत, ऐंशीच्या पुढचे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलं इस्राएलात बेरशेबाला. त्यांचा सगळा आठवडा त्या फोनवर चालतो. आदल्या रात्री शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलेला असतो, किप्पा, म्हणजे तेफिल्लाची टोपी, टीव्हीवर ठेवलेला असतो, दाढी केलेली असते, आणि मला म्हणतात, मी नाही गेलो तर नऊच राहतात. हे सांगताना ते ताठ बसतात. त्यांनाही बीपी आहे, शुगर आहे, पोरं तितकीच लांब आहेत, पण त्यांच्या घरात गेलं की जीव गुदमरत नाही.

त्याच भागात एक मावशी आहेत, काकांपेक्षा थोड्या लहान, तीस-एक वर्षं शाळेत मास्तरीण होत्या, तेफिल्ला पुस्तक न उघडता येते, सणांचं सगळं पाठ आहे, आणि त्यांना आजपर्यंत एकदाही कुणी फोन करून म्हटलेलं नाही की मावशी तुमच्यावाचून अडलंय, या. बायका मिन्यानात मोजत नाहीत, आपण ऑर्थोडॉक्स रीतीने चालतो, मला त्यावर वाद घालायचा नाहीये आणि हलाखा, म्हणजे धर्माचा कायदा, बदला असं मी म्हणत नाहीये. पण मी ज्या घरांत जाते तिथे एकट्या राहणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, आणि पुरुषाला निदान त्या दहाच्या आकड्याने तरी घराबाहेर काढलंय, बाईला बोलावायला आपल्याकडे कुठलाच आकडा नाही. मग आपण दुसरं काहीतरी तयार करायला नको का.

वर गेलं तर बसायला गॅलरी. आपली जुनी सिनेगॉग्स बांधली तेव्हा बायकांची जागा वर ठेवली, लाकडी जिना, उंच पायऱ्या. ज्यांचे गुडघे गेलेत त्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या तेफिल्लाला, येतच नाहीत, आणि कुणी विचारत नाही का येत नाही. काही ठिकाणी आता खाली एका बाजूला बायकांना बसायची सोय केलीय, फार चांगलं केलंय, पण काही ठिकाणी अजूनही आधी विचारावं लागतं आणि म्हाताऱ्या बाईला विचारायची लाज वाटते, मग ती घरी बसते. याला पैसे लागत नाहीत हो. दहा खुर्च्या आणि एक पडदा लागतो.

ज्यांना आपल्याबद्दल काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते, नाहीतर हे एकटेपण एवढं वेगळं का ते कळणार नाही. आम्ही बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली अशी आमची कहाणी, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. पेणकर, दिवेकर, केहिमकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर ही आमची आडनावं, म्हणजे रायगडचा नकाशाच. घरात मराठी, सणांची नावं मराठी, नव्याचा सण (आमचं नवीन वर्ष), खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. मुंबईत १७९६ ला मांडवीत पहिलं सिनेगॉग झालं, ठाण्याचं टेंभी नाक्यावरचं १८७९ चं. १९४८ नंतर माणसं इस्राएलला जायला लागली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही वीस हजारांच्या घरात होतो, आज सगळ्या देशात मिळून ज्यू माणसं चार-पाच हजार. कुणी हाकललं म्हणून कुणी गेलं नाही, हे मी इथे ठासून सांगते, इथल्या माणसांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही. आपलं देवाने सांगितलेलं ठिकाण म्हणून गेले, नोकऱ्यांसाठी गेले, पोरीला आपल्यातला नवरा मिळावा म्हणून गेले, आणि एक गेला की मागून दुसरा.

पण जातं कोण, तर पंचविशीतला पोरगा, तिशीतली पोरगी. सत्तरीतली आई जात नाही. कायद्याने जाऊ शकते, पण या वयात हिब्रू कुठून शिकायची, मुलाच्या घरात सुनेच्या मागे मागे फिरायचं, डॉक्टरला काय दुखतंय ते सांगायला नातवाला रजा काढायला लावायची, आणि इथे नवऱ्याची कबर आहे ती सोडून कसं जायचं. ज्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे त्यांच्या मनात जुन्या गोष्टीही आहेत, १९५२ मध्ये आपली काही माणसं तिकडचे हाल सोसून परत आली, मग लग्नांवरून रब्बी लोकांनी आपण पुरते यहुदी आहोत का असा प्रश्न काढला आणि १९६४ ला कुठे तो मिटला. त्या वेळचं घरातलं बोलणं ज्यांनी ऐकलंय त्यांना तिकडे जायला आजही मन होत नाही.

म्हणजे झालं काय की इतर घरांतून पोरं अमेरिकेला जातात तेव्हा आईबाप मागे राहतात पण भाऊबंद, नणंदा-भावजया, देवळातल्या बायका, अख्खी जात बरोबर असते. आमच्याकडे पोरांबरोबर ते सगळंच गेलं. बहीण गेली, दीर गेला, बालमैत्रीण गेली, जिच्याबरोबर हलवा घोटायचा ती शेजारीण गेली. वयाने एकटं पडणं आणि समाज विरळ होऊन एकटं पडणं ही दोन दुखणी एकाच बाईला एकाच वेळी झालीयत.

मग फोन आहे ना, असं म्हणतात सगळे. फोन आहे. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, थंडीत साडेतीन. मुलगा कामावरून घरी येऊन जेवून निवांत होतो तेव्हा इथे आईने बीपीची गोळी घेऊन दिवा मालवलेला असतो. आणि शब्बाथचं तर उलटंच होतं. तिकडे गेल्यावर पुष्कळ पोरं जास्त धार्मिक झाली, चांगलंच आहे, पण मग शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारची रात्र होईपर्यंत फोन बंद. म्हणजे ज्या दिवशी घर भरलेलं असायचं, काचेच्या पेल्यात तेल-पाणी घालून दिवा लागायचा, किद्दूश, म्हणजे द्राक्षरसावरची प्रार्थना, व्हायचा, नेमक्या त्याच दिवशी आई एकटीने दिवा लावते आणि फोनही वाजणार नाही हे तिला ठाऊक असतं. कुर्ल्याच्या एक बाय म्हणाल्या, शुक्रवारी मी लवकर झोपते. बास एवढंच म्हणाल्या.

आणि ऑक्टोबर २०२३ ला तिकडे युद्ध सुरू झालं, त्यानंतरचं तर विचारू नका. अश्दोद, अश्केलोन, नंतर जून २०२५ ला बेरशेबावर पडलेली क्षेपणास्त्रं, या बातम्या आपल्या म्हाताऱ्यांनी एकट्याने रात्र-रात्र टीव्हीसमोर बसून बघितल्या. मुलगा शेल्टरमध्ये असला की फोन लागत नाही, आणि फोन लागत नाही म्हणजे काय झालं असेल हे विचारायला बाजूला माणूस नाही. शेजारी बिल्डिंगच्या खाली उभं राहून या बाजूने त्या बाजूने राजकारण बोलतात, त्या आईला राजकारणाशी काही घेणं नसतं, तिला पोराचा आवाज पाहिजे असतो, आणि कित्येक जणी आता नवीन माणसाला मुलगा कुठे असतो ते सांगतच नाहीत, परदेशी असतो म्हणतात आणि विषय बदलतात. अशा रात्री आपल्यापैकी कुणी फोन केला होता का त्यांना? काही जणांनी केला, मला माहीत आहे, आपापल्या ओळखीत. पण सिनेगॉगकडून, ठरवून, यादी काढून कुणीच केला नाही.

यादीच नाहीये मुळात, हे खरं दुखणं आहे. पूर्वी मांडवी, डोंगरी, उमरखाडी, नागपाडा, भायखळा, सगळे चालत सिनेगॉगला यायचे, कोण आजारी आहे ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळायचं. मग चाळी गेल्या, माणसं ठाण्याला, कळव्याला, मिरा रोडला, डोंबिवलीपर्यंत पांगली. पण मेंबरशिप राहिली जुन्या सिनेगॉगची, कारण लग्न तिथे झालं, बापाचं नाव तिथल्या पाटीवर आहे, मतदानाचा हक्क तिथे आहे. आता मेंबर एकीकडे आणि राहायला पंचवीस-तीस किलोमीटर लांब, जुन्या सिनेगॉगला वाटतं त्या ठाण्याला गेल्या, ठाण्याला वाटतं त्या आपल्या मेंबर नाहीत. मध्येच पडलेल्या अशा किती जणी मला भेटल्यायत. वर्षाला वर्गणीची पावती येते, नव्याच्या सणाचं कार्ड येतं, आणि माणूस येत नाही.

सिक्युरिटीचंही बोलायलाच पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाऊसमध्ये जे झालं त्यानंतर पोलीस बंदोबस्त, बॅरिकेड, रजिस्टर, ओळखपत्र हे सगळं आलं आणि ते यायलाच हवं होतं, मी त्याबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही, उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या त्या पोलिसांचे उपकारच आहेत. पण त्यामुळे एक गोष्ट बंद झाली, की बाजारात आले, पाय दुखले, म्हणून सिनेगॉगच्या ओट्यावर घटकाभर टेकले, शम्मासशी, म्हणजे सिनेगॉग सांभाळणाऱ्याशी, दोन शब्द बोलले. आता तेफिल्लाची वेळ सोडून गेलं तर गेटवर उभं राहून सांगावं लागतं मी कोण. एका सिनेगॉगच्या गेटवर, नाव घेत नाही, एका नव्वदीच्या बाईंना नवीन पोलिसाने परत पाठवलं कारण त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. त्याची चूक नाही, त्याला कोण सांगणार. त्या बाईंचं लग्न त्या वास्तूत झालेलं. फोटो लावलेलं एक साधं ओळखपत्र आणि गेटवर म्हाताऱ्या मेंबरांची एक यादी, एवढं केलं तरी हा प्रश्न सुटतो.

कोकणातलं अजून वेगळं. अलिबागला अख्खी इस्रायल आळी आहे, आता त्या आळीत आपली घरं बोटावर मोजण्याइतकी. रेवदंडा, पेण, पोयनाड, बोर्ली, कुठे एक जोडपं, कुठे एकटी बाई, कुठे सिनेगॉगची चावी सांभाळणारा एक म्हातारा. एका गावात आपल्या आजींचं दुखणं-खुपणं शेजारच्या आगरी घरातल्या सुनेने काढलं, दवाखाना, अंघोळ, सगळं. शुक्रवारी संध्याकाळी दिव्यात तेल आहे का ते ती पोरगी बघायची, तिला वेळ पाठ झाली होती. आपल्यापैकी कुणी नव्हतं तिथे. आणि आजी गेल्यावर मात्र मुंबईहून, पनवेलहून गाड्या भरून लोक आले, मिन्यान झालं, सगळं रीतसर झालं. मातीला आपण नेहमी वेळेवर पोचतो, याचा मला अभिमान आहे. तेवढीच धावपळ आधी पण करता येईल ना, इतकंच म्हणतेय.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले तिच्याकडे येते. या बायकांना येतं काय ते बघा जरा.

चिकाचा हलवा. नव्याच्या सणाला आता बहुतेक घरांत विकतचा येतो नाहीतर कॉर्नफ्लॉवरचा होतो, अर्ध्या तासात. खरा हलवा म्हणजे गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक काढायचा, नारळाचं दूध काढायचं, आणि मग मोठ्या पातेल्यात तासन् तास घोटायचा, हात थांबला की खाली लागतो. तो एकट्याने होतच नाही, एक घोटणारी थकली की दुसरीने पळी घ्यायची. म्हणून तर तो सणाच्या आधीचा सण असायचा, गप्पा, गाणी, कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या पोरीचं काय. ज्यांना तो येतो त्या आज सत्तर-ऐंशीच्या आहेत आणि एकेकट्या फ्लॅटमध्ये आहेत, आणि तुम्ही हलव्याची ऑर्डर बाहेर देता. ट्रस्टी मंडळी, तुमच्या सिनेगॉगला किचन आहे. गॅस आहे. मोठी पातेली मलिद्याच्या प्रसादासाठी आहेतच. सणाच्या आधी आठवडाभर ते किचन या बायकांच्या ताब्यात द्या, नारळ खवायला, पातेली उचलायला कॉलेजची पोरं द्या, आणि सगळ्या घरांना हलवा तिथून जाऊ द्या, विकत. बघा कुणाचे गुडघे दुखतात.

कीर्तनं. साधारण १८८० पासून आपल्याकडे मराठी कीर्तनं होती, अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, ओव्या, साक्या, आर्या, सगळा थाट मराठी कीर्तनाचा आणि गोष्ट तोरातली. आपल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना त्यातली पदं तोंडपाठ आहेत, लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेली. ज्या मावशींचा मी वर उल्लेख केला त्यांना मी एकदा सहज विचारलं, मावशी योसेफाचं काही येतं का, आणि त्या बाई, ज्यांना सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नव्हतं, त्यांनी एकामागून एक पदं म्हटली, चाल बदलून, मध्ये गद्य सांगून, आणि शेवटी मलाच म्हणाल्या, तू ताल चुकतेयस. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. परदेशातून अभ्यास करणारे लोक येऊन आपल्या बायकांची गाणी रेकॉर्ड करून नेतात आणि आपली पोरं युट्यूबवर दुसऱ्याच कुठल्यातरी देशातली यहुदी गाणी शिकतात, मलाही ती आवडतात, पण घरातलं आधी शिकायला नको का?

हे झालं दोनच. कोशर कसं सांभाळायचं, बिरड्याच्या रोज्याला वाल कसे मोडवायचे, मलिद्याचं ताट कसं मांडायचं, बाळंतिणीला काय द्यायचं, मेंदीच्या रात्रीची गाणी. सर एली कदूरी शाळेत माझगावला त्या काळी शिकलेल्या बायका आहेत यात, मराठीतून शिकल्या आणि हिब्रू वाचायला पण शिकल्या. पोरं इस्राएलला जायची तयारी करतात तेव्हा त्यांना हिब्रूची अक्षरं शिकवायला आपण क्लास शोधतो आणि वरच्या मजल्यावर शिकवणारी बाई दुपारभर छताकडे बघत पडलेली असते.

तिकडे गेलेल्या म्हाताऱ्यांबद्दलही एक वाक्य लिहू दे, कारण पोरं म्हणतात आईला घेऊनच जातो म्हणजे प्रश्न संपला. संपत नाही. दिमोना, लोद, अश्दोदला आपली माणसं पुष्कळ आहेत, जिथे चार मराठी घरं जवळ आहेत तिथे बरं आहे, मायबोली नावाचं मराठी मासिकही तिथून निघायचं, पण जी आजी मुलाबरोबर नव्या शहरात गेली तिला खाली बाकावर बसून बोलायला माणूस नाही. तिथले काही जण मला रात्री फोन करतात, कामाचं काही नसतं, पाऊस पडला का विचारतात. म्हणून मी म्हणते की नेणं आणि ठेवणं यापैकी कशानेच हे आपोआप सुटत नाही, माणसं जिथे आहेत तिथे त्यांच्याभोवती काहीतरी उभं करावं लागतं.

सरकारबद्दल थोडंच. २०१६ ला महाराष्ट्राने आपल्याला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, आनंद झाला, दाखले झाले. केंद्राच्या सहा समाजांच्या यादीत अजून आपण नाही. पारशांसाठी २०१३ पासून जियो पारसी योजना आहे, तिचा मुख्य भर मुलं वाढावीत यावर आहे तरी पुढे त्यात घरातल्या म्हाताऱ्यांच्या सांभाळाचाही विचार झाला. आपणही राज्याच्या अल्पसंख्याक विभागाकडे असं काहीतरी मागायला हरकत नाही, अर्ज लिहायला मी बसते. पण त्याची वाट बघत थांबू नका. जे आहे ते तरी वापरू या, पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे आणि तिचा नंबर आपल्या एकाही नोटीस बोर्डावर मी बघितलेला नाही. एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याच्या उरुसाला अलिबागजवळ खंडाळ्याला आपण बसेस करतो तेव्हा त्यात पहिल्या सीट या लोकांना द्या, बस त्यांच्या बिल्डिंगखाली थांबवा. स्टेशनला या असं सांगितलं की त्या येत नाहीत.

तर माझं मागणं असं आहे. सगळ्या सिनेगॉगनी मिळून, मेंबर कुणाचा ते न बघता, एकटं राहणाऱ्या सत्तरीपुढच्या माणसांची एकच यादी करायची, राहण्याच्या पत्त्याप्रमाणे, आणि ज्याच्या जवळ जो राहतो त्याचं ते सिनेगॉग. आठवड्यातून एक दुपार, बुधवार म्हणा, तळमजल्याचा हॉल उघडा ठेवायचा, चहा, पंखे, बाथरूममध्ये धरायला दांडा, आणि कार्यक्रम वगैरे काही नको, भाषण तर मुळीच नको. रिक्षाचे पैसे सिनेगॉगने द्यायचे, वर्षाच्या हिशोबात तसं खातं उघडायचं, भिंतीच्या रंगाला असतं तसं. बायकांना खाली बसायची जागा सगळीकडे, न विचारता. गुरुवारी फोनची पाळी लावायची, आणि ती तरुण पोरांनाच लावायची असं नाही, या बायकाच एकमेकींना करतील, एकीला पाच नंबर द्या, ती पाचही जणींची खबर हजानकडे, म्हणजे तेफिल्ला चालवणाऱ्याकडे, पोचवेल, आणि मग तिलाही गुरुवारी काम असेल. युद्धाच्या बातम्या आल्या की ही साखळी त्या रात्रीच चालू झाली पाहिजे. आणि प्रत्येक कमिटीत एक तरी जागा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ बाईला द्या. सगळ्यात शेवटी लिहिलं तरी माझ्या लेखी ही मागणी सगळ्यात मोठी आहे, कारण आम्ही पन्नाशी-साठीतले काय ठरवणार, गॅलरीचा जिना कुठल्या पायरीवर दुखतो ते तिलाच माहीत.

कुणी म्हणेल लोक येणार नाहीत. पहिल्या दोन-तीन बुधवारी कमी येतील, हे मान्य आहे. इतकी वर्षं कुणी बोलावलं नाही म्हणून त्यांना खरं वाटणार नाही. आमंत्रण कार्डाने पाठवू नका, घरी जाऊन सांगा, आणि "तुमच्यासाठी ठेवलंय" असं सांगू नका, काहीतरी काम सांगा, तांदूळ निवडायचेत, पदं लिहून घ्यायचीत, पोरांना अक्षरं शिकवायचीत. काम सांगितलं की येतात, हे मी करून बघितलंय. कळव्याच्या मावशी आता दोन मुलींना योसेफाचं आख्यान शिकवतायत, त्यांच्याच हॉलमध्ये, कारण सिनेगॉगचा हॉल अजून मिळालेला नाही.

नव्याच्या सणाला अजून वेळ आहे. गहू भिजत घालायच्या आधी किचनचं ठरवा, बाकीचं त्यानंतर ठरवलं तरी चालेल. ठाण्याची मंडळी मला ओळखतात, बाकीच्यांनी त्यांना विचारा, शनिवारी तेफिल्लानंतर मी खाली असते. यादीचं काम मी आणि आणखी तिघीजणी फुकट करायला तयार आहोत, ठाणे-कळव्याची आमच्याकडे बरीचशी झालीय, मुंबईची तुमच्या रजिस्टरवरून उतरवून घ्यायला परवानगी तेवढी द्या.

तुमचीच,
ठाण्याची एक बेने इस्राएल बाई